नावाने दिशाभूल करणारा व्रण

रोगांची नावे बहुधा रोग समजण्यापूर्वी ठेवली जातात, आणि पुढे समज बदलली तरी नाव सहसा बदलत नाही. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ अर्थ 'वाईट हवा' असा आहे. 1897 साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात त्या रोगाचे परोपजीवी सापडले आणि हवेवरचा आरोप टिकेनासा झाला. नाव मात्र तेच राहिले. त्याने कोणाचे फारसे बिघडले नाही, कारण मलेरिया म्हटल्यावर आता कोणी खिडक्या बंद करून बसत नाही. परंतु त्वचेचा एक दुर्मीळ दाहजन्य रोग असा आहे की, त्याचे चुकीचे नाव आजही उपचाराला चुकीची दिशा दाखविते. ते नाव ऐकून शस्त्रवैद्य सुरी हाती घेतो, आणि सुरी लागताच रोग बळावतो. प्रस्तुत लेखाचा विषय तो रोग होय.

त्याचे नाव पायोडर्मा गँग्रीनोसम. 'पायो' म्हणजे पू, 'डर्मा' म्हणजे त्वचा आणि 'गँग्रीन' म्हणजे ऊतकांचा तो नाश, ज्यासाठी मराठी वैद्यक-लेखनात 'कोथ' हा शब्द रुळला आहे. नावाप्रमाणे हा जंतूंनी पू झालेला आणि कुजत चाललेला त्वचारोग ठरतो. वस्तुस्थिती अशी की या व्रणाच्या मुळाशी जंतू नसतात, आणि रक्तपुरवठा खुंटल्यामुळे होणारा कोथही नसतो. व्रणातून पुवासारखा स्राव येतो हे खरे. पण आरंभी त्यात जंतू शोधले तर सापडत नाहीत. पुढे उघड्या जखमेवर जंतू येऊन बसतात, परंतु ते आगंतुक असतात, कर्ते नव्हेत.

ही चूक झाली कशी, तेही पाहण्यासारखे आहे. पॅरिसचे त्वचावैद्य लुई ब्रोक यांनी 1916 साली अशा व्रणांचे वर्णन केले होते. आज प्रचारात असलेले नाव मात्र 1930 सालचे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये ब्रन्स्टिंग, गोकरमन आणि ओलिअरी या तिघांनी पाच रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पाचांपैकी चौघांना व्रणीय बृहदांत्रशोथ, म्हणजे मोठ्या आतड्यात व्रण होण्याचा जुनाट विकार होता. आतड्यातील जंतुसंसर्ग शरीरात पसरून त्वचेवर फुटतो, असा तर्क त्यांनी केला. प्रतिजैविके अद्याप उपलब्ध झालेली नव्हती आणि प्रत्येक चिघळत्या जखमेमागे जंतू पाहणे हीच त्या काळची शास्त्रीय दृष्टी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांना दोष देता येत नाही. उलट आतडे आणि त्वचा यांचा संबंध त्यांनी अचूक हेरला. संबंध खरा होता, त्याचे स्पष्टीकरण तेवढे खोटे होते.

रोग सुरू होतो तो अगदी क्षुल्लक रीतीने. बहुधा पायाच्या नळीवर एखादी पुळी किंवा लालसर गाठ येते. काही चावले असावे असे रुग्णाला वाटते. चार दिवसांच्या आत ती फुटते आणि तिचा व्रण होतो. हा व्रण झपाट्याने पसरतो. काही रुग्णांत तो दिवसाला एक-दोन सेंटीमीटरही वाढतो. त्याची कड वांग्याच्या सालीसारखी जांभळी असून आतून पोखरलेली असते, म्हणजे वरची त्वचा शाबूत दिसते आणि तिच्याखाली पोकळी झालेली असते. आणि वेदना! जखमेच्या आकाराच्या मानाने ती इतकी तीव्र असते की पाहणाऱ्याला रुग्ण उगीच कण्हतो आहे असे वाटावे. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायावरील व्रण दुखत नाही. हा मात्र हात लावू देत नाही. निदानाच्या दृष्टीने रुग्णाची ही तक्रार मोलाची आहे आणि तिच्याकडेच पुष्कळदा दुर्लक्ष होते.

दरवर्षी दर दहा लाख लोकांमागे अशा रुग्णांची संख्या तीन ते दहा असावी, असे सामान्यतः मानले जाते. वीस ते पन्नास वर्षांच्या दरम्यान रोग अधिक आढळतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत काहीसा जास्त. सुमारे निम्म्या रुग्णांत आणखी एखादा विकार सापडतो: आतड्याचा शोथ, संधिवाताभ संधिशोथ, किंवा रक्ताचा एखादा रोग, क्वचित रक्ताचा कर्करोगसुद्धा. म्हणून पायावरील जखम तपासताना वैद्याने शौचाविषयी आणि सांध्यांविषयी विचारले तर रुग्णाने चकित होऊ नये. काही वेळा त्वचेवरील व्रण आधी येतो आणि आतड्याचा विकार त्याच्या मागोमाग प्रकट होतो.

मग जंतू नाहीत तर जखम करतो कोण? शरीरच. आपल्या रक्तातील श्वेत पेशींपैकी न्यूट्रोफिल नावाच्या पेशी या जणू गावच्या राखणदार असतात. जंतू शिरला की त्या धावून जातात, ऊतकांत घुसतात आणि दाहक द्रव्ये सोडून त्याचा नाश करतात. या रोगात जंतू नसताना त्यांना हाक जाते. त्या थव्याथव्याने त्वचेत उतरतात आणि समोर शत्रू नाही म्हणून त्वचेलाच जाळतात. ही खोटी हाक कोठून जाते याचा पूर्ण उलगडा झालेला नाही. परंतु तिचे निरोप वाहणारी काही रासायनिक द्रव्ये ओळखली गेली आहेत. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर आणि इंटरल्यूकिन-1 ही त्यांतील प्रमुख. संधिशोथ, पुटकुळ्या आणि हा व्रण एकत्र येणारा एक आनुवंशिक विकार आहे. 2002 साली त्याच्यामागील जनुकाचा शोध लागल्यावर, दोष बाहेरच्या आक्रमकात नसून आतल्या यंत्रणेत आहे, या मताला बळकटी आली.

आता सुरीचा प्रश्न. सुमारे वीस ते तीस टक्के रुग्णांत असे दिसते की त्वचेला जेथे इजा होईल तेथे नवा व्रण उठतो: सुई टोचली तेथे, खरचटले तेथे, टाके घातले तेथे. या प्रवृत्तीला पॅथर्जी म्हणतात. जखम झाली की न्यूट्रोफिल येणारच, हा शरीराचा नियमच आहे. येथे ते येतात आणि थांबत नाहीत. यातून उद्भवणारा प्रसंग कल्पनेने उभा करता येईल. एखाद्या स्त्रीची प्रसूतीसाठी शस्त्रक्रिया होते. चार-सहा दिवसांनी टाक्यांच्या आसपास त्वचा लाल होते, फाटते, स्राव येऊ लागतो. ताप चढतो, रक्तातील श्वेत पेशी वाढतात. कोणताही शस्त्रवैद्य याला जंतुसंसर्गच म्हणेल, आणि शंभरांतील बहुतेक प्रसंगी त्याचे बरोबरच असेल. तो जोरकस प्रतिजैविके देतो आणि मृत ऊतक कापून जखम स्वच्छ करतो. दुसऱ्या दिवशी जखम आणखी वाढलेली असते. म्हणून तो आणखी कापतो. स्नायूंच्या आवरणाला झपाट्याने कुजविणारा एक प्राणघातक संसर्ग प्रत्यक्षात असतो. त्याच्यावर त्वरित आणि भरपूर कापणे हाच उपाय असल्यामुळे थांबून विचार करावयास त्याला धीर होत नाही. प्रत्येक छेद म्हणजे राखणदारांना नवी हाक, हे त्याच्या ध्यानी येत नाही. या मार्गाने हातपाय कापण्यापर्यंत मजल गेल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. जंतुपरीक्षा पुन्हा पुन्हा निरंक येणे, प्रतिजैविकांचा काहीच परिणाम न होणे, आणि प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर व्रणाने सीमा ओलांडणे या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर हात आखडावा, एवढे तरी प्रत्येक शस्त्रविभागात ठाऊक असावयास हवे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय 'द्विव्रणीय' नावाचा आहे. व्रण दोन प्रकारचे, शारीर आणि आगंतू. एक शरीरातील दोषांमुळे आतून उपजणारा, दुसरा आघाताने बाहेरून येणारा, असा भेद तेथे केला आहे. व्रणावरील साठ उपक्रमही त्यात सांगितले आहेत आणि छेदन व लेखन, म्हणजे कापणे व खरवडणे, हे त्यांत आहेत. सुश्रुताला हा रोग माहीत होता असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. अशा दाव्यांनी जुन्या ग्रंथांचा गौरव होत नाही आणि नव्या रुग्णांचे हितही होत नाही. परंतु जखम पाहताच ती आतली की बाहेरची हा प्रश्न आधी विचारावा, ही शिस्त मात्र या व्रणाला तंतोतंत लागू पडते. त्यात अडचण एवढीच की येथे बाहेरचा आघात आतल्या व्रणाला जागा दाखवून देतो, आणि दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळून जातात.

निदानाकडे वळू. रक्ताची एखादी चाचणी करून 'हाच तो रोग' असे सांगता येत नाही. व्रणाच्या कडेचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, ज्याला मराठीत जीवोतक परीक्षा आणि रुग्णालयांच्या बोलीत बायॉप्सी म्हणतात, त्यात न्यूट्रोफिलांची दाटी दिसते. पण तशी दाटी जंतुसंसर्गातही दिसते. येथे एक विरोधाभास उभा राहतो. ज्या रोगात त्वचेला टोचणेही धोक्याचे, त्याच्या निदानासाठी त्वचा कापावी काय? अनुभवी त्वचावैद्यांचे उत्तर 'होय, कापावी' असे आहे, आणि ते मला पटते. एका लहान छेदाने होणारे नुकसान आटोक्यात ठेवता येते. न तपासता सुरू केलेल्या चुकीच्या उपचाराचे नुकसान तसे आवरता येत नाही. काढलेल्या तुकड्याचे दोन भाग करून एक सूक्ष्मदर्शकासाठी आणि दुसरा जंतू, क्षयजंतू व बुरशी यांच्या संवर्धनासाठी पाठवावा लागतो. दुसरा भाग पाठविण्याचे राहून गेले तर पहिल्याचा उपयोग अर्धाच होतो.

2018 साली विविध देशांतील तज्ज्ञांनी विचारविनिमय करून निदानाचे निकष प्रसिद्ध केले. त्यांत कडेच्या तुकड्यात न्यूट्रोफिल दिसणे हा एकच प्रधान निकष असून गौण निकष आठ आहेत. त्यांपैकी चार जुळावे लागतात. संसर्ग नसल्याची खात्री, पॅथर्जी, आतड्याच्या किंवा सांध्यांच्या शोथाचा पूर्वेतिहास, पुळीचा चार दिवसांत व्रण होणे, लाल व पोखरलेली दुखरी कड, अनेक व्रण असून त्यांतील एक तरी पायाच्या नळीवर असणे, जुन्या जागी चाळणीसारखा किंवा चुरगळलेल्या कागदासारखा वण, आणि प्रतिकारशक्ती दडपणारे औषध दिल्यावर महिन्याच्या आत व्रण आकसणे, असे ते आठ होत. या शेवटच्या निकषाकडे वाचकाने विशेष लक्ष द्यावे. औषधाने गुण आला म्हणून रोग तोच, असा हा उलटा तर्क आहे. पूर्वी केवळ इतर सर्व शक्यता वगळून उरेल ते निदान मानीत असत; त्यापेक्षा हा मार्ग निश्चित बरा, पण गुण येईल की नाही हे ठरण्याआधीच औषध देण्याचा निर्णय वैद्याला करावा लागतो.

आणि हा निर्णय दुसऱ्या बाजूनेही चुकू शकतो. हा रोग असताना न ओळखणे ही जशी चूक, तशीच नसताना 'ओळखणे' हीसुद्धा. ज्या मेयो क्लिनिकने या रोगाला नाव दिले त्याच संस्थेतून 2002 साली एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या रोगाचे म्हणून समजले गेलेले, पण वस्तुतः दुसऱ्याच कारणाचे व्रण असलेले 95 रुग्ण त्यात तपासले होते. कोणाला रक्तवाहिन्यांचा अडथळा होता, कोणाला रक्तवाहिन्यांचा शोथ, कोणाला कर्करोग, कोणाला खराखुरा संसर्ग. त्यांपैकी कित्येकांना प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे महिनोन् महिने दिली गेली होती. संसर्ग असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती दडपणे म्हणजे काय, हे सांगावयास नको.

भारतात ही दुसरी चूक अधिक महाग पडते, कारण येथे न भरणाऱ्या व्रणाला उमेदवार पुष्कळ आहेत. त्वचेचा क्षय आहे. हिमालयाच्या पायथ्याशी, कांगडा खोऱ्यासारख्या भागांत, स्पोरोट्रायकोसिस नावाचा बुरशीजन्य रोग आहे. राजस्थानात बिकानेरकडे वाळूमाशीने पसरणारा त्वचेचा लीशमानियासिस आहे. विदर्भातील आणि नंदुरबारकडील आदिवासी समाजांत सिकलसेल पांडुरोग आढळतो आणि त्या रोगात घोट्याजवळ चिवट व्रण होतात. इतकेच नव्हे तर त्याच्यावर दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सियुरिया या औषधानेही पायावर व्रण होऊ शकतात. मधुमेह आणि फुगलेल्या नीला तर सर्वत्रच आहेत. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातील यादी आपल्या रुग्णालयाच्या भिंतीवर जशीच्या तशी लावून भागणार नाही. रुग्णाचे गाव कोणते, तो काय काम करतो आणि कोठे फिरला, हे विचारल्याशिवाय ती पूर्ण होत नाही.

निदान पक्के झाल्यावर उपचाराची दिशा नेहमीच्या जखमेच्या नेमकी उलट असते: जंतू मारावयाचे नसून राखणदारांना शांत करावयाचे असते. लहान व्रणावर तीव्र स्टेरॉइडाचे किंवा टॅक्रोलिमसचे मलम पुरते. मोठ्या किंवा पसरत्या व्रणाला पोटातून औषध द्यावे लागते आणि त्यात पहिला मान स्टेरॉइडांचा. योगायोग असा की संधिवाताभ संधिशोथाच्या रुग्णाला कॉर्टिझोन प्रथम दिले गेले तेही 1948 साली रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्येच. सायक्लोस्पोरिन हे दुसरे प्रमुख औषध. या दोहोंत श्रेष्ठ कोणते, याची रीतसर तुलना ब्रिटनमधील रुग्णालयांनी मिळून केली आणि 2015 साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एवढ्या विरळ रोगाचे 121 रुग्ण गोळा करणे हीच मोठी कामगिरी होती. दोन्ही औषधांनी सहा महिन्यांत व्रण भरून आलेल्यांचे प्रमाण सारखेच, 47 टक्के निघाले. बरे झालेल्यांपैकी सुमारे तीस टक्क्यांना रोग पुन्हा उद्भवला. दुष्परिणाम दोन्हीकडे दोनतृतीयांश रुग्णांत झाले. गंभीर संसर्ग मात्र स्टेरॉइड घेणाऱ्यांत अधिक होता. म्हणून निवड रुग्ण पाहून करावी लागते: मूत्रपिंड दुबळे किंवा रक्तदाब वाढलेला असेल तर सायक्लोस्पोरिन टाळावे, मधुमेह किंवा ठिसूळ हाडे असतील तर स्टेरॉइडांबाबत सावध राहावे. औषधे चालू असूनही सहा महिन्यांत निम्म्यांहून अधिक व्रण उघडेच राहतात, हे रुग्णाला आरंभीच सांगणे न्यायाचे होईल.

ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरला अडविणारी इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधे हा या क्षेत्रातील नवा अध्याय. 2006 सालच्या एका लहान चाचणीत तीस रुग्ण होते. दोन आठवड्यांनी इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांपैकी 46 टक्क्यांना उतार पडला, तर लटके औषध घेणाऱ्यांपैकी 6 टक्क्यांना. जपानने 2020 साली त्याच जातीच्या ॲडॅलिम्युमॅबला या रोगासाठी मान्यता दिली. ही औषधे महाग आहेत. शिवाय शरीरात निद्रिस्त असलेला क्षय ती जागा करू शकतात. म्हणून छातीचे क्ष-किरण चित्र आणि क्षयाची चाचणी यांवाचून ती सुरू करू नयेत. स्टेरॉइड दीर्घकाळ द्यावयाचे असेल तर आतड्यातील स्ट्राँगिलॉइडिस या कृमीचाही विचार करावा, कारण प्रतिकारशक्ती दडपली की तो सर्व शरीरात पसरतो. कुष्ठरोगामुळे आपल्याकडे घरोघर नाव पोहोचलेले डॅप्सोन हेही न्यूट्रोफिलांना आवर घालते आणि येथे जोडीचे औषध म्हणून वापरले जाते. ते स्वस्त आहे. फक्त देण्यापूर्वी जी-सिक्स-पी-डी या विकराची कमतरता नाही ना हे पाहावे, अन्यथा रक्तातील तांबड्या पेशी फुटतात.

जखमेची निगा सौम्य हवी. न चिकटणारी पट्टी, ओलावा टिकविणे, वेदनाशामक औषध, खरवडणे नाही. त्वचारोपण करावयाचेच असेल तर दाह पूर्ण शमल्यावर आणि औषध चालू ठेवूनच.

राहता राहिला नावाचा प्रश्न, आणि तो या नियतकालिकाच्या वाचकांच्या अधिक जवळचा आहे. आपल्या परिभाषाकारांची सवय परकीय नावाचे घटक सोडवून त्यांना संस्कृत प्रतिशब्द जोडण्याची. त्या रीतीने येथे 'पूयचर्मकोथ' असा काही शब्द सहज बनेल. तो सुबक होईल आणि घातक होईल. ग्रीक नाव बहुतेकांना कळत नाही म्हणून त्याची चूक निदान झाकलेली राहते. आपला शब्द ती चूक सर्वांना समजेल अशा भाषेत सांगेल. माझ्या मते येथे लिप्यंतरच ठेवावे आणि समजावून सांगताना 'श्वेतपेशीजन्य दाहव्रण' यासारखे वर्णन वापरावे. नाव अपारदर्शक असले तरी चालेल. ते खोटे बोलणारे नसावे.

व्रण भरल्यावर त्या जागी पातळ, चाळणीसारखा वण राहतो. मराठीतील 'वण' हा शब्द संस्कृत 'व्रण'पासूनच आला. तेथे जो जखमेचा वाचक होता तो आपल्याकडे जखमेच्या खुणेचा झाला. वैद्याला या खुणेचा उपयोग आहे, कारण तिच्यावरून वर्षानुवर्षांनी रोगाचा पूर्वेतिहास वाचता येतो. रुग्णाने मात्र तो वैद्याच्या नजरेवर सोपवू नये. पुढे गुडघ्याची, मोतिबिंदूची, आतड्याची, कोणतीही शस्त्रक्रिया करावयाची झाली तर रोगाचे नाव लिहिलेला कागद शस्त्रवैद्याला आणि भूल देणाऱ्याला आधी दाखवावा, म्हणजे त्या दिवसांपुरते प्रतिकारशक्ती दडपणारे औषध द्यावे किंवा वाढवावे की काय, हे त्वचावैद्याला विचारून ठरविता येते.